चपला बाहेर काढून बूट घ्यायला यावे

"मानवजातीची प्रगती पायांपासून सुरू झाली," चंद्रहास परुळेकरांनी सकाळच्या चहानंतर जाहीर केलं. "माणूस दोन पायांवर उभा राहिला म्हणून हात मोकळे झाले. हात मोकळे झाले म्हणून संस्कृती झाली. आज सगळं जग धावतंय. आणि या धावत्या जगाने पायात काय घालायचं, हे यापुढे आपल्या गास गावातून ठरणार आहे!"

"पाय वर घ्या," प्रेमलताबाई म्हणाल्या. "लादी पुसायचीय."

चंद्रहासरावांनी पाय वर घेतले. संस्कृती खुर्चीवर मांडी घालून बसली आणि तिच्याखालून ओलं फडकं फिरून गेलं.

दारात राजोडीची सत्यवती मासळीची टोपली उतरवून बसली होती. बोंबील निवडता निवडता तिने विचारलं, "प्रेमा, जावय काय बोलतो गो?"

"बुटांचं दुकान काढायचं म्हणतायत. धावायच्या बुटांचं. कंपनीचं."

"मंग काढू दे ना. दिवसभर तुझ्या पायात पायात येतो, त्यापेक्षा बरा."

हे 'जावय' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण सगळं दुकान त्याच्यावरच उभं राहिलं. चंद्रहासराव मूळचे वेंगुर्ल्याकडचे. नोकरी मुंबईला, विम्याच्या कचेरीत. प्रेमलताबाई म्हणजे गासच्या चौधरींची एकुलती एक मुलगी, केळी-नारळीच्या वाडीची वारस. लग्नानंतर सासरे आजारी पडले, म्हणून जोडपं चार दिवसांसाठी वाडीत राहायला आलं. सासरे बरे झाले, पुढे पुष्कळ जगले, वारलेही. चार दिवस मात्र अजून संपायचे होते. या मुदतीत चंद्रहासराव गावाचे 'जावई' झाले. म्हातारे त्यांना जावई म्हणत, म्हाताऱ्यांची मुलं जावईकाका म्हणत आणि आता त्या मुलांची मुलं जावईआजोबा म्हणू लागली होती. एकदा कुरियरवाल्याने "चंद्रहास परुळेकर कोण?" असं नाक्यावर विचारलं, तर लोकांनी त्याला "असं कुणी इथे राहत नाही" म्हणून परत पाठवलं. नाक्यावर त्या वेळी स्वतः चंद्रहासराव उभे होते. त्यांनाही उत्तर द्यायला जरा वेळ लागला.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीने शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा साहेबांनी भाषणभर त्यांना 'पेडणेकर' म्हटलं. त्या दिवशी घरी येताना चंद्रहासरावांनी मनाशी ठरवलं, की मरण्यापूर्वी गास गावात एकदा तरी, एकाच्या तरी तोंडून, 'शेठ' अशी हाक ऐकायची. शेठ व्हायला दुकान लागतं. दुकान कशाचं, हा मुद्दा दुय्यम होता.

बुटांची कल्पना राजोडीच्या किनाऱ्यावर सुचली. दर रविवारी नालासोपाऱ्याची, विरारची निम्मी तरुण पिढी तिथे वाळूत धावायला येते. चंद्रहासराव तिथे शहाळं पीत बसायचे. एका रविवारी त्यांच्या लक्षात आलं, की आपण इतकी वर्षं माणसांचे चेहरे बघत होतो, बघायला हवे होते त्यांचे पाय. घरी येऊन त्यांनी 'झिपारो' नावाच्या कंपनीला फ्रँचायझीसाठी विचारलं. कंपनीला जागा पसंत पडली. जागा म्हणजे वाडीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून असलेली राजेळी केळ्यांची जुनी वखार. ती अर्थात प्रेमलताबाईंची.

"जागा देईन," प्रेमलताबाई म्हणाल्या, "पण कोनाड्यातली देवी हलणार नाही. बाबांनी बसवलीय. आणि तिच्यासमोर पायताण घेऊन आजवर कोणी उंबरा ओलांडलेला नाही. तेही चालणार नाही. कबूल?"

"कबूल! कबूल!" चंद्रहासराव म्हणाले. इतक्या सहज जागा मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या भरात ते वेंगुर्ल्याला फोन करून आले, शेजारी सांगून आले, रात्री घोरलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी दात घासताना त्यांचा ब्रश अचानक थांबला. आपण दुकान कशाचं काढतोय, ते त्यांना तेव्हा आठवलं.

शब्द परत घेणं शक्य नव्हतं. घरजावयाला बरंच काही परत घेता येतं. दिलेला शब्द आणि वाढलेली भाजी तेवढी घेता येत नाही. तेव्हा ते कृष्णा गुरुजींकडे गेले. गुरुजी पंचक्रोशीतल्या पूजा सांगत आणि उरलेल्या वेळात फळबागेच्या फवारणीबद्दल सल्ला देत. दोन्ही सल्ले सारख्याच आत्मविश्वासाने.

"गुरुजी, देवीसमोर बूट विकता येतील का?"

गुरुजींनी डोळे मिटले. "जावईबापू, कोरडे तांदूळ डब्यात असतात. ते खरकटे का?"

"नाही."

"शिजवले की?"

"खरकटे."

"मग झालं! जोडा खोक्यात आहे तोवर तो कोरडा तांदूळ. जमिनीला टेकला, की शिजला. टेकेपर्यंत ती नुसती वस्तू. वस्तूला देवीची हरकत नसते."

"पण गिऱ्हाईक तो घालून बघणार ना!"

"बघू दे की. अधांतरी बघावं."

"चालूनही बघणार. कंपनीने त्यासाठी यंत्र दिलंय. ट्रेडमिल. त्याच्यावर पट्टा फिरतो, माणूस जागच्या जागी धावतो, कॅमेरा पावलं बघतो."

या ठिकाणी शास्त्राला थोडा विचार करावा लागला. गुरुजींनी सुपारीचं खांड दाढेखाली सरकवलं. "तो पट्टा जमिनीला लागतो का?"

"नाही. वीतभर वर असतो."

"आणि धावणारा कुठे पोचतो का?"

"कुठेच नाही."

"मग तो चालला असं म्हणता येत नाही," गुरुजींनी निकाल दिला. "खुशाल धावू दे."

निकाल प्रेमलताबाईंना मान्य झाला. त्या नियमाच्या पक्क्या होत्या, पण नियमातून सुटणाऱ्या वाटेवर त्यांचा राग नव्हता. वाट शास्त्रोक्त हवी, एवढंच. त्यांनी वखारीबाहेरच्या नळाला नवी तोटी बसवली, खुंटीवर पंचे टांगले आणि दारावर पाटी लावली: 'चपला बाहेर काढून, पाय धुऊन, पुसून आत यावे.' आत कंपनीच्या पांढऱ्याशुभ्र फळ्यांवर बूट मांडले होते, निळे, पोपटी, भगवे. कोनाड्यात देवी होती, तिच्यापुढे निरांजन. दुकानाकडे दुरून पाहिलं तर बुटांची आरास केलेला गणपती वाटला असता.

राहता राहिले मालक. कंपनीच्या नियमाप्रमाणे दुकानातल्या माणसाने सदैव कंपनीचे बूट घालूनच वावरायचं. आणि देवीच्या नियमाप्रमाणे बूट लादीला लागता कामा नयेत. चंद्रहासरावांनी घरातले सगळे पाट आणले. लग्नातला चांदीच्या फुलांचा पाटही आणला. ओढा ओलांडायला दगड टाकतात तसे ते दुकानभर टाकले. या पाटावरून त्या पाटावर पाऊल टाकत ते गल्ल्यापासून फळीपर्यंत आणि फळीपासून दारापर्यंत सराव करू लागले. तिसऱ्या पाटावर वळताना थोडा तोल जायचा. बाकी सगळं जमत होतं.

उद्घाटनाला कंपनीचा एरिया मॅनेजर अंधेरीहून आला. नाव उमंग. वय एवढं कमी, की प्रेमलताबाईंनी त्याला आधी "बाळा, वडील कुठे आहेत?" असंच विचारलं. दुकानाच्या माथ्यावरची पाटी कापडाखाली झाकलेली होती. सगळं नीट असेल तर उमंग स्वतः कापड ओढणार आणि पाटीचे दिवे लावणार. नीट नसेल तर पाटी टेम्पोत घालून परत नेणार. टेम्पो त्याने सोबतच आणला होता. इंजिनही चालूच ठेवलं होतं.

दारात तो थबकला. दाराशी जुन्या चपलांचा ढीग पडला होता. पूजेला गाव लोटलं होतं.

"सर, हा आपला डिस्प्ले आहे?"

"छे छे, ही मंडळी आत आहेत," आतून चंद्रहासरावांचा आवाज आला.

मग त्याने दारावरची पाटी वाचली. पुन्हा वाचली. "मॅडम, बुटांच्या दुकानात बूट काढून जायचं?"

"न्हाव्याच्या दुकानात टोपी घालून बसतोस का?" प्रेमलताबाई म्हणाल्या. "नळ तिकडे आहे."

उमंगने बूट काढले, आणि तिथेच कंपनीचा पराभव सुरू झाला. बूट एकदम भारी, कंपनीचं सगळ्यात नवं मॉडेल. मोजा मात्र उजव्या अंगठ्यापाशी फाटलेला होता आणि अंगठा मोकळी हवा खात बाहेर बसला होता. ज्याचा अंगठा बाहेर आलाय, त्या माणसाला फार वेळ कडक राहता येत नाही. "सर, हे अलाउड नाहीये," असं तो म्हणाला खरं, पण म्हणताना त्याने डावं पाऊल उजव्यावर ठेवलं होतं, त्यामुळे ते विनंतीसारखं ऐकू आलं.

"मोजे काढ," प्रेमलताबाई म्हणाल्या. "दोन टाके घालून देते."

आत आल्यावर त्याला चंद्रहासराव दिसले. चांदीच्या फुलांच्या पाटावर, भगव्या बुटांत, हात जोडून उभे. मागे निरांजन.

"सर, तुम्ही त्या लाकडावर का उभे आहात?"

"स्वागतासाठी," चंद्रहासराव म्हणाले आणि दुसऱ्या पाटावर गेले.

उमंगने केळ्याच्या शिऱ्याचा प्रसाद खाल्ला, द्रोण चाटून पुसून संपवला, मग चंद्रहासरावांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे एका पाटाच्या अंतरावर. "सर, शिरा मस्त. पण खरं बोलू का? मी हेड ऑफिसला काय सांगू? आज माझ्यासमोर एक गिऱ्हाईक येऊ दे, बूट घालू दे, घेऊन जाऊ दे. घेतले, तर बघतो काहीतरी. नाही घेतले, तर सॉरी. टेम्पो उभा आहे."

चंद्रहासरावांनी पाटावरूनच गर्दीकडे पाहिलं. गाव लोटलं होतं हे खरं, पण गाव प्रसादाला लोटलं होतं. फळीवरच्या बुटांना हात लावून लोक म्हणत, "जावयाचा माल चांगलाय हो," आणि शिऱ्याकडे वळत. बाहेर टेम्पो घरघरत होता. आज पाटी गेली, की शेठही गेला, आणि मग उरलेलं आयुष्य "जावयाने बुटांचं दुकान काढलं होतं, आठवतं का? एका दिवसाचं!" हे नाक्यावर ऐकत काढायचं.

इतक्यात ऑस्कर लोपीस आला.

ऑस्कर शेजारच्या आळीतला. अंगाने आडवा, स्वभावाने उभा. यंदा मॅरेथॉन धावायची असं त्याने घरात जाहीर केलं होतं, आणि बायकोने ते चर्चमधल्या सगळ्या बायकांना सांगितल्यामुळे आता त्याला माघार नव्हती. त्याने नळावर पाय धुतले, पुसले. "जावय, कमाल आहे तुमची," तो म्हणाला. "आमच्या चर्चात बूट चालतात आणि तुमच्या बुटांच्या दुकानात चालत नाहीत!"

"बसा, बसा. पाय वर घ्या."

ऑस्करने पाय वर घेतले. चंद्रहासरावांनी पाटावरून वाकून त्याला पोपटी बूट चढवले. "कसे वाटतात?"

"हवेत आहेत, काय कळणार? हलके वाटतात."

दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून, बूट लादीला न लावता, पिकल्या फणसासारखं उचलून ट्रेडमिलवर ठेवलं. त्यात उमंगचाही हात होता. अनवाणी माणसाला मदतीला हाक मारणं सोपं जातं. पट्टा फिरू लागला. ऑस्कर धावू लागला. फळ्यांवरचे बूट थरथरू लागले. गावाने शिऱ्यावरची नजर काढून इकडे वळवली.

"एकदम फस्क्लास!" ऑस्कर ओरडला. आणि धावता धावताच त्याने खिशातून मोबाईल काढून फळीवरच्या बुटांच्या खोक्याचा फोटो घेतला, नंबरसकट.

"बायकोला दाखवायला," तो म्हणाला.

उमंगचा चेहरा पडला. "बघा सर," तो हळूच म्हणाला. "सगळ्या दुकानांतून हेच चालतं. घालून बघायचं आमच्याकडे, मागवायचं फोनवर. हा आता उतरणार, थँक्यू म्हणणार आणि घरी जाऊन ऑर्डर करणार. मी पैज लावतो."

पैज लावायची गरज पडली नाही, कारण त्याच क्षणी लाईट गेली.

पट्टा जागच्या जागी थांबला. ऑस्कर थांबला नाही. त्याचं पोट आधी दांड्याला भेटलं, मग तो कलंडला, मग सावरला, आणि सावरताना त्याचे दोन्ही पाय धप्पकन लादीवर आले. पोपटी बुटांसकट. देवीच्या बरोबर समोर. तिची तंद्री मोडली असेलच.

सगळ्यांनी कृष्णा गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी तोंडातला शिरा गिळला आणि पावलांकडे निरखून पाहिलं.

"शिजले," ते म्हणाले.

"काय शिजलं?" ऑस्करने घाबरून विचारलं.

"तुझे बूट," प्रेमलताबाई पुढे आल्या. "जमिनीला लागले. आता हे परत फळीवर जाणार नाहीत. उष्टं ताट कुणी परत पातेल्यात ओततं का?"

"अहो मामी, मी पडलो!"

"पडलास कशात? बुटांतच ना?"

"पण मी नुसते बघायला..."

"बघून झालं. आता घेऊन जा."

"मामी, तुमची ती देवी. आमचा देव वेगळा आहे."

"देव वेगळा असेल," प्रेमलताबाई शांतपणे म्हणाल्या, "लादी माझी आहे."

ऑस्करने मदतीसाठी गावाकडे पाहिलं. पण गाव खरकट्याच्या बाबतीत एकमताचं असतं. कुणीतरी मागून म्हणालं, "पोरा, आता तुझेच ते." एक म्हातारी म्हणाली, "उष्टावलेलं टाकू नये बाबा, पाप लागतं." ऑस्कर चर्चमध्ये समूहगान गाणारा माणूस, इतके लोक एका सुरात बोलले, की त्याला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायचं. त्याने पोपटी बुटांकडे पाहिलं. वाईट नव्हते. मग त्याने ज्या मोबाईलवर तो फोटो घेतला होता, तोच गल्ल्यावरच्या क्यूआर कोडसमोर धरला आणि पैसे देऊन टाकले.

उमंग हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता. मग त्याने घाईघाईने फोन लावला. "सर, उमंग बोलतोय. गास, गास. नालासोपाऱ्याजवळ. सर, इथे एक सिस्टम आहे. इथे कस्टमर नुसता ट्राय करून जाऊच शकत नाही. नाही सर, कोणी जबरदस्ती करत नाही. पब्लिकच सोडत नाही. हो, माल खाली टेकला, की सेल! नाही सर, मला पूर्ण समजलेलं नाही. तांदळाचं काहीतरी आहे." पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. उमंग "येस सर, येस सर" म्हणत ताठ होत गेला. फोन ठेवून त्याने बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

"हेड ऑफिस म्हणतं, हे असंच ठेवा. काहीही बदलू नका. पाटसुद्धा."

लाईट आली. उमंगने कापड ओढलं. 'झिपारो' ही अक्षरं वखारीच्या माथ्यावर निळी-जांभळी झळकली आणि गासच्या केळीबागेवर परदेशी चांदणं पडल्यासारखं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटीवर चंद्रहासरावांचं नाव कुठेच नव्हतं, पण ते आता त्यांना जाणवलं नाही. कारण पोपटी बूट बगलेत मारून, स्वतःच्या जुन्या चपला शोधत दारात खोळंबलेल्या ऑस्करने मागे वळून हाक मारली होती.

"ओ शेठ! पिशवी तरी द्या."

चंद्रहासरावांच्या कानांत ते कुठल्याशा मंगल वाद्यासारखं वाजलं. त्यांनी पिशवी दिली. एकात एक घालून दोन दिल्या. मग पाटामागून पाट ओलांडत, तिसऱ्यावर तोलही न जाऊ देता, ते दारातल्या चांदीच्या फुलांच्या पाटावर येऊन उभे राहिले. समोर गाव होतं. डोक्यावर पाटी झळकत होती. पायांत भगवे बूट होते. नवऱ्याचा चेहरा बघून प्रेमलताबाईंनीसुद्धा फडकं खाली ठेवलं.

"मंडळी," चंद्रहासराव म्हणाले. "मानवजातीची प्रगती पायांपासून सुरू झाली. माणूस दोन पायांवर उभा राहिला, म्हणून..."

"जावय, ए जावय!"

गर्दीतून वाट काढत सत्यवती पुढे आली. टोपली रिकामी होती, हातात चपला होत्या. तिने त्या मालकांच्या जोडलेल्या हातांत ठेवल्या.

"भाषन मंग कर. मी गावदेवीच्या देवलात जाऊन येतो. तिथं चपला चोरतात मेले. ह्या तेवढ्या सांभाल. आनि उनात ठेवू नको हां, रबर हाय."